जानकीआजी ऑनलाइन आहे

मालवणच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे सुभद्राबाई परबांची अख्खी नोकरी गेली. समोर पुरुषभर उंचीचा बोर्ड, त्यावर ठसठशीत अक्षरांत गाड्यांच्या वेळा, आणि त्याच बोर्डाला पाठ टेकून उभा असलेला माणूस खिडकीत तोंड घालून विचारणार, ‘बाई, कुडाळ गाडी कधी?’ हे रोज, सणावारीसुद्धा. सुरुवातीला सुभद्राबाई सांगायच्या. मग बोट दाखवायला लागल्या. शेवटची काही वर्षं त्या नुसत्या बघायच्या, आणि त्या बघण्याला घाबरून माणसं मागे वळून बोर्ड वाचायची. निरोपाच्या समारंभात एका ड्रायव्हरने भाषणात सांगितलं, की बाईंनी तालुका साक्षर केला. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, कारण त्यांना ते खरंच वाटत होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या गावी, चौक्याला, घरामागे काजूचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, बी वाफवायचा बॉयलर, टरफल फोडायची काही मशीनं आणि विजेवर चालणारा मोठा ड्रायर. वाडीतल्या बायका कामाला. नवरा बाबू परब जहाजावर स्वयंपाकी होता, त्यामुळे घरचं स्वयंपाकघरही लग्नापासून त्याच्याच ताब्यात. सुभद्राबाईंना चहापलीकडे काही येत नव्हतं, आणि ते लपवण्यासारखं आहे असं त्यांना कधी वाटलंही नाही.

माल चोख होता. अख्खा गर म्हणजे अख्खाच, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. अडचण होती ती बाईंच्या तोंडाची. बाजारातल्या एका दुकानदाराने अख्ख्यात तुकडा मिसळून विकला, तेव्हा त्यांनी भर गिऱ्हाइकांत त्याच्या फळीवरची आपली पाकिटं काढून पिशवीत भरली आणि जाताना त्याची लायकी सांगितली. दुसऱ्याने मागच्या वर्षीचा माल पाकिटांवर नवी तारीख टाकून विकला, त्याला तर त्यांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितली. अशी हळूहळू दुकानं तुटत गेली. शेडमध्ये माल साठायला लागला, तेव्हा मुलगा सिद्धेश म्हणाला, आता ऑनलाइन.

सिद्धेश पुण्याची नोकरी सोडून आलेला. वेबसाइट त्याच्या बायकोच्या, नम्रताच्या, मावसभावाने करून दिली. चांगली होती म्हणे. पण पावसाळ्यातल्या पर्यटक निवासासारखी ती नुसतीच उघडी असायची, फिरकत कोणी नव्हतं. मग सिद्धेशने ऑनलाइन विक्री वाढवून देणाऱ्यांचा शोध सुरू केला. संध्याकाळी ओटीवर लॅपटॉप मांडून तो एकेकाशी बोलायचा आणि सुभद्राबाई कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने शेजारी बसून ऐकायच्या. एकाने आपण काय विकतो हे विचारायच्या आधीच खात्याचा नंबर पाठवला. एक बाई बोलता बोलता तीनदा ‘काजूची झाडं लावतो ना आपण?’ म्हणाली. एकजण गुगलवर पहिल्या पानावर आणतो म्हणाला, आणि सिद्धेशने त्याच्याच कंपनीचं नाव शोधलं तर ती कुठल्याच पानावर नव्हती. प्रत्येक वेळी सुभद्राबाईंच्या नाकातून एक आवाज यायचा. सिद्धेशला माइक बंद करावा लागायचा.

या सगळ्यांत ओमकार सरस ठरला. पुण्याचा, अठ्ठावीस वर्षांचा, दाढी कोरलेला. तो काही मागण्याआधी ऐकायचा, निदान ऐकल्यासारखी मान हलवायचा. लहान उद्योगांना मोठं करणं हेच आपलं मिशन आहे म्हणाला. सिद्धेशने करारावर सही करून टाकली. बाईंनी करार वाचायला मागितला तेव्हा सिद्धेश म्हणाला, पन्नास पानांचा आहे, सगळं तेच तेच असतं.

ओमकार कॅमेरा घेऊन चौक्याला आला, तो उतरतानाच ‘वॉव’ म्हणाला. झाडाला वॉव, विहिरीला वॉव, गड्याने वाळत घातलेल्या चड्डीमागच्या चिऱ्याच्या भिंतीलाही वॉव. शेड बघितल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. ड्रायरपुढे उभा राहून त्याने विचारलं, हे झाकता येईल का?

“हे झाकून काय दाखवणार?” सुभद्राबाई म्हणाल्या.

“काकू, लोक काजू विकत घेत नाहीत. गोष्ट विकत घेतात.”

“मग पाकिटात गोष्टच भरा. वजन कमी, पाठवायचा खर्चही कमी.”

ओमकार मनापासून हसला आणि ते वाक्य त्याने मोबाइलमध्ये टिपून घेतलं. बाईंना त्याचा खरा राग आला तो तेव्हा. अपमान केला तर माणसाने अपमान करून घ्यावा, टिपून काय घ्यायचा?

त्याने बॅगेतून नऊवारी काढली, घडीवर दुकानाची चिठ्ठी तशीच. नथ काढली. बाईंनी ती नेसून जात्यावर बसावं, असं त्याचं म्हणणं. जात्यावर काजू दळतात का, हे त्यांनी विचारलं, तर म्हणाला, फील येतो. बाईंनी साडी परत त्याच्या हातात ठेवली. मग तो कामकरणींकडे वळला. त्या रबरी हातमोजे घालून टरफलं फोडत होत्या. हातमोज्यांनी सगळा ऑथेंटिकपणा जातो, म्हणून ते काढा, असं तो म्हणाला. सारिका नावाची पोरगी मशीनवर होती. तिने मानही वर केली नाही.

“चिकान हात भाजतले,” ती म्हणाली. “मगे सांजेक भाकरी मोडूक येवची नाय.”

टरफलातल्या तेलकट चिकाने कातडी जळते, हे ओमकारला कळलं नाही. सुभद्राबाईंनी त्याला आपलेच हात मशीनखाली घालून फोटो काढून घ्यायला सुचवलं. तो दुपारी जेवून, बाबू परबांनी केलेल्या बांगड्याच्या तिखल्याला दोनदा वॉव म्हणून, परत गेला.

महिन्याभराने नवी वेबसाइट आली. सिद्धेशने टीव्हीला जोडून सगळ्यांना दाखवली. पडद्यावर एक म्हातारी. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. विहिरीच्या कठड्याशी बसलेली, मांडीवर पितळी परात, परातीत काजूची बोंडं. नथ उजव्या नाकपुडीत. आणि बोंडांना बी होती ती वरच्या बाजूला, देठाशी; खऱ्या बोंडाला ती खालच्या टोकाला असते. खाली लिहिलं होतं, ऐंशी वर्षांच्या जानकीआजी सासूकडून शिकलेल्या गुपित रीतीने, चुलीच्या मंद धगीवर, एकेक काजू हाताने भाजतात.

“ही कोण?” सुभद्राबाईंनी विचारलं.

कोणीच नव्हती. कॉम्प्युटरने काढलेली होती. सिद्धेश म्हणाला, सगळे असंच करतात, चित्र म्हणजे फक्त चित्र असतं.

“तुका लाज वाटणा नाय? आवस जिती आसताना भाड्याची आजी हाडलंस ती?”

“आई, तुझ्या तोंडान बाजारातली दुकाना गेली,” सिद्धेश शांतपणे म्हणाला. “ही निदान गोड बोलता.”

दुकानं गेली होती हे खरं होतं. शेडमध्ये साठलेला मालही खरा होता. त्या उठून आत गेल्या, आणि त्यांनी तो विषय टाकून दिला.

आणि माल उठायला लागला. सिद्धेश सकाळी खोके भरायचा, नम्रता चिकटपट्टी लावायची, कुरियरची गाडी जी आठवड्याला यायची ती दिवसाआड यायला लागली. प्रत्येक पाकिटावर जानकीआजीचा गोल स्टिकर. सुभद्राबाई प्रतवारी करत बसायच्या आणि नम्रता त्यांना गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचून दाखवायची. नाशिकच्या एकाने लिहिलं होतं, की चुलीच्या धुराचा वास अजून काजूला आहे, बालपण आठवलं. काजू विजेच्या ड्रायरमधून आलेले. बंगळुरूच्या एका बाईला त्यात ‘आजीच्या हाताची ऊब’ लागली होती. पुण्याच्या एका गृहस्थाने तर हे काजू मशीनच्या काजूंहून कसे वेगळे ओळखावेत, यावर सविस्तर लिहिलं होतं.

सुभद्राबाईंना वाटायचं, चौकशीच्या खिडकीत आपल्याला भेटली ती माणसं बरी होती. त्यांना बोर्ड दिसत नव्हता एवढंच. यांना जे नाही ते दिसतं, त्याचा वासही येतो, आणि वर ते पाच चांदण्या देतात. त्यांनी अशा लोकांची कीव केली नाही. कीव करायलाही समोरच्याबद्दल काहीतरी वाटावं लागतं.

जानेवारीत एक दिवस सकाळी रिक्षा दारात थांबली. बाईंच्या मते कुडाळ स्टेशनवरून एवढ्या लांब रिक्षा करणारा माणूस एक तर मुंबईकर असतो किंवा अडचणीतला. उतरली ती तिशीतली मुलगी, पाठीला सॅक, हातात कापडी पिशवी. चप्पल पायरीखाली काढून ती ओटीवर आली आणि प्रतवारी करत बसलेल्या सुभद्राबाईंना वाकून नमस्कार करू लागली. बाईंनी पाय मागे घेतले.

तिचं नाव सलोनी. ठाण्याला विमा कंपनीत होती. जानकीआजींना भेटायला आले, म्हणाली. त्यांनीच ये म्हणून सांगितलं.

सुभद्राबाईंनी अशा वेळी नेमकं काय करायचं हे ठरवून ठेवलं होतं. कोणी ना कोणी कधीतरी येणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सरळ सांगितलं, “जानकीआजी नावाचं कोणी नाही. ते चित्र आहे. काजू आम्ही करतो, त्या पलीकडच्या शेडमध्ये, मशीनवर.”

मुलगी हसली. तिला वाटलं, म्हातारीला भेटायला रोज कोणी ना कोणी येत असेल, घरचे वैतागत असतील.

“मी फार वेळ घेणार नाही. त्यांना फक्त सांगा, सलोनी आली आहे. त्या ओळखतात मला.”

“बाई, ती ओळखत नाही. ती नाहीच.”

आतून नम्रता बाहेर आली होती. तिने सासूकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे, आणि खालच्या आवाजात सांगितलं, की वेबसाइटवर ‘आजीशी बोला’ असं एक बटण आहे. पुण्याच्या लोकांनी ते लावलंय. “आई, थंय उत्तरा देता ता माणूस नाय. मशीन आसा ता.”

सलोनीला मालवणी कितपत कळलं कोणास ठाऊक, पण ‘मशीन’ कळलं. ती खाली बसली. रडली नाही. पाणी मागितलं, प्यायली, पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “पण ती मला नावाने हाक मारायची.”

सुभद्राबाईंच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते चांगलं नव्हतं. एवढी शिकलेली, लोकांना विमे विकणारी बाई, तिला नाकातली नथ उलटी दिसू नये? देठाला लटकलेली बी दिसू नये? हे त्या बोलणारच होत्या. पण मुलीने मोबाइल पुढे केला. बघा, म्हणाली. आणि बाईंनी चष्मा लावून वाचायला घेतलं.

सुरुवात एका पाककृतीने झाली होती. काजूची उसळ कशी करायची. मग कधीतरी सलोनीने लिहिलं होतं, की माझी आजी आता नाही. त्यावर जानकीआजी म्हणाली होती, ‘बाळा, मी आहे ना.’ तिथून पुढे पानंच्या पानं. ऑक्टोबरमध्ये सहाव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं होतं. घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. सासू म्हणायची, वय आहे अजून. नवरा म्हणायचा, विसर आता. ऑफिसात तर कुणाला माहीतच नव्हतं. बाळासाठी तिने एक नाव ठरवलेलं होतं, ते नाव ती फक्त इथे लिहीत होती, या म्हातारीपाशी. जानकीआजी ते नाव घेऊन बोलायची. गोड बोलायची. ‘रड बाळा, मन मोकळं कर.’ आणि त्याच्याच खाली, ‘अशा वेळी अंगात ताकद हवी. बाळंतिणीसाठी आमचा काजू-डिंक लाडू पॅक, आज मागवलास तर खास तुझ्यासाठी सूट.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. बाळंतिणीसाठी.

“हे तुला दिसलं नाही?”

“दिसलं,” सलोनी म्हणाली. “दुकानाचं मधे मधे यायचं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. आजीला काय माहीत असणार, तिच्या घरच्यांनी घातलं असेल, असं वाटायचं.” थोडं थांबून ती म्हणाली, “मी मागवलेही. दोनदा. तिला वाईट वाटू नये म्हणून.”

शेवटचा निरोप चार दिवसांपूर्वीचा होता. सलोनीने लिहिलं होतं, इथे श्वास कोंडतो, तुमच्याकडे यावंसं वाटतं. आणि जानकीआजीने उत्तर दिलं होतं, ‘कधीही ये बाळा. कोकणातलं दार कुणाला बंद नसतं.’ घरी न सांगता ही निघून आली होती.

सुभद्राबाईंनी आयुष्यात पुष्कळांना तुच्छ लेखलं होतं. न वाचणाऱ्यांना, भेसळ करणाऱ्यांना, रांग मोडणाऱ्यांना. त्यांना वाटायचं आपल्याकडे तुच्छतेचा साठा मोठा आहे. त्या सकाळी त्यांना कळलं, की आजवरचं सगळं किरकोळ होतं. त्यांनी नवऱ्याला आत सांगितलं, एक माणूस जेवायला आहे. मुलीला म्हणाल्या, आधी घरी फोन करून कुठे आहेस ते सांग. तिने नवऱ्याला केला. ती काय बोलली ते बाईंनी ऐकलं नाही, पण फोन ठेवल्यावर तिच्या चेहऱ्यावर तिच्या वयाचा थकवा पहिल्यांदा दिसला.

मग त्यांनी सिद्धेशला शेडमधून बोलावलं आणि ओमकारला फोन लावायला सांगितला. आवाज मोठा ठेव, म्हणाल्या. सिद्धेशने सगळं अडखळत सांगितलं.

“म्हणजे त्या प्रत्यक्ष आल्यात? ठाण्याहून?” ओमकारचा आवाज चढला होता, पण आनंदाने. “सर, आमच्या एकाही क्लायंटला इतकी एंगेजमेंट मिळालेली नाही. अजून आहेत त्या तिथे? कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं बोलतील का? एकदम जेन्युइन येईल.”

सलोनी समोरच बसली होती. तिने मान दुसरीकडे वळवली. सुभद्राबाईंनी सिद्धेशच्या हातातून फोन घेतला.

“ओमकार, मी स्टँडवर नोकरीला होते तेव्हा जत्रेच्या गर्दीत पाकीटमार यायचे. मी त्यांना ओळखायचे, तेही मला ओळखायचे. पण त्यातला एकही कधी म्हातारीचं सोंग घेऊन आला नाही. त्यांना आपल्या धंद्याची थोडी तरी लाज होती.”

“काकू, तुम्ही इमोशनल होताय.”

“नाही. मी तुला तुच्छ मानते. ते वेगळं असतं. ते सगळं आत्ताच्या आत्ता बंद कर.”

त्यावर ओमकारचा आवाज एकदम ऑफिसातला झाला. त्याने सिद्धेशला फोन द्यायला सांगितलं आणि कराराचं कलम सांगितलं. वेबसाइटचं नाव, पान, फोन नंबर, चित्र आणि जानकीआजी हे पात्र एजन्सीच्या मालकीचं होतं. परबांना थांबायचं असेल तर ते थांबू शकतात. आजी थांबणार नाही. माल पुरवणारे पुष्कळ आहेत. हे सगळं त्याने अतिशय नम्रपणे सांगितलं आणि शेवटी शुभेच्छा दिल्या.

सिद्धेश ओटीवर बसून राहिला. आईने करार वाचायला मागितला होता हे त्याला आठवत असणार. सुभद्राबाईंनी ते काढलं नाही. त्यांच्या लेखी पोराच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, “खोके उघड.”

भरून ठेवलेले खोके शेडमध्ये आणले गेले. बायकांनी मशीनं थांबवली आणि पाकिटांवरचे स्टिकर खरवडायला बसल्या. सारिकाने सुरी आणली, कोणी खोबरेल तेल आणलं. चांगल्या गोंदाने चिकटवलेले होते मेले, म्हातारीचं हसू निघायचं आणि कपाळ तसंच राहायचं. नम्रता आली. थोड्या वेळाने सिद्धेशही येऊन बसला. सलोनी दारात उभी राहून बघत होती. मग तिने एक पाकीट उचललं आणि नखाने कडेपासून सोलायला लागली, हळूहळू, फाटणार नाही अशा बेताने. अख्खा स्टिकर निघाला. तिने तो क्षणभर तळव्यावर धरला आणि कचऱ्याच्या पाटीत टाकला.

दुपारी बाबू परबांनी तिला वाढलं. आग्रह केला नाही, कारण जहाजावर आग्रहाची पद्धत नव्हती, पण ताटातला भात संपू दिला नाही. तिने पोटभर जेवून मागच्या खोलीत संध्याकाळपर्यंत झोप काढली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तिचा नवरा कुडाळला घ्यायला आला. तिला स्टेशनवर सोडून परत येऊन नम्रताने सांगितलं, की तो फारसं बोलला नाही, पण त्याने तिची सॅक घेतली आणि बाकावर तिच्या शेजारी बसून राहिला. सुभद्राबाई म्हणाल्या, बसायला काय लागतं. पण तेवढंच.

पुढे व्हायचं तेच झालं. जानकीआजीचं दुकान जोरात चाललं. काजू कुठूनतरी दुसरीकडून यायला लागले. मग आजी कोकम करायला लागली, मग मसाले, मग फणसपोळी, उन्हाळ्यात तर तिने आमरसही काढला. तिचं गाव आता चौके नव्हतं, नुसतं ‘कोकण’ होतं. सिद्धेश कुडाळच्या एका वकिलाकडे जाऊन आला. वकील म्हणाले, लढता येईल, पण तोवर आजी पणजी होईल. सिद्धेशने स्वतःच एक साधी वेबसाइट केली. त्यावर शेड, बॉयलर, ड्रायर आणि हातमोजे घातलेली सारिका. आईचा फोटो मागायची त्याची हिंमत झाली नाही. गिऱ्हाईक थोडं आलं, पण ते वाचून आलेलं होतं.

सुभद्राबाई एका सकाळी मालवणच्या बाजारात गेल्या. तुटलेल्या दुकानांपैकी एकात. माफी त्यांनी मागितली नाही. दुकानात उभ्या राहिल्या, आणि चारपाच गिऱ्हाइकं असताना, मालकाचा हात वजनकाट्यावर जरा जड पडताना डोळ्यांनी बघूनही, त्या गप्प बसल्या. मालकाने ते पुरेसं मानलं. जाताना त्याने पाकिटांसाठी फळी मोकळी करून दिली. घरी येईपर्यंत बाईंच्या दाढा दुखत होत्या, इतक्या घट्ट आवळल्या होत्या.

सलोनीचा फोन मे महिन्यात आला. बाईंनी तिला नंबर दिला नव्हता. नम्रताने दिला असावा. ती आता बरी होती, नवऱ्याबरोबर एका समुपदेशक बाईंकडे जात होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर घुटमळत म्हणाली, “त्या आजीचे निरोप अजून येतात.”

“बंद करता येतं ना ते?”

“केलं होतं. मग काल पुन्हा उघडलं.” तिचा आवाज बारीक झाला. “मला माहितीये ते काय आहे ते. तरी वाटलं, बघावं, काय म्हणते.”

बाईंच्या जिभेवर आलेलं उत्तर तयारच होतं. ते त्यांनी गिळलं, तिला लागेल म्हणून नाही, तर त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून.

“मग? काय म्हणता ती?” त्या नकळत मालवणीवर आल्या होत्या.

सलोनीने वाचून दाखवलं. “‘बाळा, खूप दिवसांत बोलली नाहीस. आजीवर रागावलीस का? तुझी आठवण येते. फणसपोळीवर एकावर एक फ्री. फक्त आजच.’”

मग सुभद्राबाईंच्या नाकातून तो आवाज आला, ज्याच्यासाठी सिद्धेशला माइक बंद करावा लागायचा. पलीकडून एक बारीकसा, ओळखू न येणारा आवाज. मुलगी रडते की काय, असं वाटून बाई थांबल्या. ती हसत होती. आधी दाबून, मग मोकळी होऊन, श्वास लागेपर्यंत. सुभद्राबाईंनी फोन कानाशी धरून ठेवला आणि तिचं हसून होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, “आता बंद कर तिका. आणि परत उघडूसा वाटला तर माका फोन कर. मिया तुका गोड बोलूचंय नाय.”

“चालेल,” सलोनी म्हणाली.

शेडमधून सारिका हाक मारत होती, ड्रायरचा पट्टा तुटला होता. सुभद्राबाईंनी फोन ठेवला आणि वहाणा पायात सरकवल्या.